कथेतील माणसांसाठी अश्रू

श्रावण लागला की खेड्यापाड्यांतून पोथी लावण्याचा प्रघात बीड जिल्ह्यात फार जुना आहे. मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या अंबाजोगाईचा हा मुलूख. ग्रंथश्रवण त्याला नवे नाही. रात्रीची जेवणे आटोपतात, मारुतीच्या देवळात माणसे जमू लागतात, एकजण ओवी वाचतो आणि दुसरा तिचा अर्थ सांगतो. श्रीधरस्वामींचा ‘पांडवप्रताप’ चालू असावा आणि चक्रव्यूहात शिरलेल्या अभिमन्यूची कथा निघावी. त्या वेळी ऐकणाऱ्यांची मुद्रा पाहण्यासारखी असते. अभिमन्यू परत येणार नाही, हे देवळातील लहान पोरालाही ठाऊक असते. मागच्या वर्षी तो असाच एकाकी लढला होता आणि त्याच्याही मागच्या वर्षी. तरीसुद्धा महारथी त्या कोवळ्या कुमारावर तुटून पडतात, तेव्हा एखादी म्हातारी पदर डोळ्यांना लावते, आणि उभा जन्म नांगर धरण्यात घालवलेला एखादा आडदांड शेतकरी उगाच घसा खाकरू लागतो. याच्या उलट, सप्ताहात रुक्मिणीस्वयंवराचा प्रसंग आला की मांडवात अक्षता वाटल्या जातात. श्रोते क्षणभर श्रोते राहतच नाहीत. ते लग्नाला आलेले वऱ्हाडी होतात.

हा सारा भोळेपणा आहे, असे म्हणणारे लोकही पुष्कळ आहेत. जे कधी घडले की नाही याची खात्री नाही, किंवा जे घडलेच नाही असे निश्चित ठाऊक आहे, त्यासाठी डोळ्यांतून पाणी काढावयाचे कशाला, असा त्यांचा सवाल असतो. गोष्टीचे पुस्तक वाचता वाचता घरातले एखादे मूल मुसमुसू लागले, तर भावंडे त्याची थट्टा करतात आणि वडीलधारी माणसे “अरे, ती नुसती गोष्ट आहे,” असे म्हणून त्याला गप्प करतात. रडणारा मुलगा असला, तर मग थट्टेला पारावारच राहत नाही. ही थट्टा अन्यायाची आहे. तिच्यामागे शहाणपण असते, असा समज मात्र फार पसरला आहे.

“ते नुसते चित्र आहे,” अशी समजूत घालण्याचा प्रसंग खुद्द प्रभू रामचंद्रांवरही आला होता. निदान भवभूतीने तो त्यांच्यावर आणला आहे. विदर्भातील पद्मपूरच्या या महाकवीच्या ‘उत्तररामचरित’ नाटकाच्या पहिल्याच अंकात राम, सीता आणि लक्ष्मण भिंतीवरची चित्रे पाहत आहेत. चित्रे त्यांच्याच वनवासाची आहेत. शूर्पणखेचे चित्र दिसताच सीता घाबरून जाते. वनवास संपलेला आहे, रावण मेलेला आहे, सीता अयोध्येच्या राजवाड्यात पतीच्या शेजारी उभी आहे. तरी ती भिते. राम तिला धीर देतो, की हे केवळ चित्र आहे. पण पुढे सीताहरणानंतरच्या दिवसांची चित्रे येतात आणि धीर देणाऱ्या रामाचेच डोळे भरून येतात! चित्र खोटे आहे हे कळणे आणि चित्राने हृदय हालणे या दोन गोष्टी एकाच मनात एकाच वेळी नांदू शकतात. भवभूतीने हे किती सहजपणे दाखविले आहे! नाटक पाहणारा प्रेक्षकही त्या घटकेला तेच करीत असतो, हा त्यातील आणखी एक गोड भाग.

आपल्या जुन्या पंडितांनी या गोष्टीचा फार बारकाईने विचार केला होता. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले, त्यांत करुण हा एक. दुःख कोणालाच नको असते. मग दुःखाचे नाटक पाहण्यासाठी माणसे का जमतात? सुमारे एक हजार वर्षांपूर्वी काश्मिरात होऊन गेलेल्या अभिनवगुप्ताने याचे जे उत्तर दिले, ते सोप्या शब्दांत असे सांगता येईल. रंगभूमीवरील दुःख माझेही नसते आणि माझ्या शत्रूचेही नसते. ते कोणा एकाचे नसल्यामुळे सर्वांचे होते. स्वतःच्या दुःखात माणूस बुडून जातो, शत्रूच्या दुःखाने त्याला बरे वाटण्याचीही भीती असते. कथेतील दुःख पाहताना मात्र आपले आणि परके हे कुंपण गळून पडते. अशा रीतीने दुसऱ्याच्या हृदयाशी ज्याचे हृदय जुळते, त्याला त्या पंडितांनी ‘सहृदय’ असे सुरेख नाव दिले. कथेसाठी रडणाऱ्याला आपण हळवा म्हणतो; ते त्याला सहृदय म्हणत. शब्दांतील हा फरक लहान नाही. रामायणाचा आरंभही एका पक्ष्यासाठी झालेल्या शोकातून झाला, अशी कथा आहे. क्रौंच पक्ष्यांच्या जोडीतील एकाला व्याधाने मारले. वाल्मीकींचे त्यात काय गेले होते?

असे अश्रू पुढे वाया जातात की त्यांचे काही होते, हा प्रश्न मात्र रास्त आहे. त्याचे एक उत्तर राजकोटच्या एका मुलाच्या चरित्रात सापडते. त्या मुलाच्या हाती वडिलांनी आणलेले श्रावणाच्या पितृभक्तीचे एक नाटक पडले. त्याच सुमारास गावोगाव चित्रे दाखवीत हिंडणारे लोक आले. त्यांच्या खेळात आंधळ्या आईबापांना कावडीत घालून यात्रेला नेणारा श्रावण त्याने पाहिला. पुढे वडिलांची परवानगी काढून तो हरिश्चंद्राचे नाटक पाहून आला. ते नाटक त्याच्या मनातून जाईना. त्याने मनातल्या मनात ते कितीतरी वेळा करून पाहिले. सत्यासाठी हरिश्चंद्राने भोगलेल्या यातना आठवून तो रडे. हा मुलगा म्हणजे मोहनदास गांधी. आत्मचरित्रात हे सारे सांगून गांधीजींनी पुढे एक मार्मिक गोष्ट नमूद केली आहे. हरिश्चंद्र ही इतिहासात होऊन गेलेली व्यक्ती नसावी, असे आता आपली बुद्धी सांगते. तरीपण आपल्या दृष्टीने हरिश्चंद्र आणि श्रावण हे दोघेही जिवंत आहेत, असे ते म्हणतात. सत्याचा असा आग्रही उपासक जेव्हा एका कल्पित राजाला जिवंत म्हणतो, तेव्हा ‘नुसती गोष्ट’ हे शब्द जरा जपूनच वापरावे लागतात.

महाराष्ट्रात ज्या पुस्तकाने सर्वांत अधिक डोळे ओले केले असतील, ते ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. श्याम हा काही सर्वस्वी कल्पित मुलगा नव्हे. त्याच्यात खुद्द गुरुजींचे बालपण आहे. पण वाचणाऱ्याला हे ठाऊक नसले तरी काही बिघडत नाही. ‘थोर अश्रू’ या प्रकरणात आंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो आणि आई आपले लुगडे पसरून त्यावर त्याला पाय ठेवू देते. पायांना घाण लागू नये म्हणून जसा जपतोस, तसा मनालाही जप, असे ती त्याला सांगते. प्रसंग किती छोटा! यात युद्ध नाही, मरण नाही, चमत्कार नाही. एक गरीब आई, एक हट्टी मुलगा आणि एक ओला तळवा, एवढेच. तरीही एकदा वाचलेला हा प्रसंग माणूस म्हातारपणीही विसरत नाही. आचार्य अत्रे यांनी या पुस्तकावरून काढलेला चित्रपट १९५३ साली आला आणि १९५४ साली त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. पदके देण्यास सुरुवात झाली ती त्याच वर्षी. चित्रपट पाहून बाहेर पडणारी माणसे एकमेकांकडे पाहण्याचे टाळीत, ते आपले लाल झालेले डोळे लपविण्यासाठी. आणि दुसऱ्याचेही तसेच आहेत, हे प्रत्येकाला कळत असे.

चांगल्या माणसाच्या दुःखाने रडू येणे तसे सोपेच आहे. वाईट वाटणाऱ्या माणसाविषयी कळवळा वाटणे अवघड असते आणि चांगले लेखक तेही करून दाखवितात. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक त्यांच्या निधनानंतर, १९१९ साली, रंगभूमीवर आले. बालगंधर्वांनी त्यात सिंधूची भूमिका केली. नवऱ्याच्या दारूपायी दळण दळण्याची पाळी आलेली सिंधू पाहून त्या काळचे प्रेक्षक हुंदके देत, यात नवल नाही. पण तिचा नवरा सुधाकर हा काही जन्मतः दुष्ट नाही. तो बुद्धिमान आणि मानी वकील आहे. अपमानाच्या एका संध्याकाळी तो पहिला प्याला तोंडाला लावतो, आणि मग खाली, आणखी खाली जात राहतो. प्रेक्षक त्याच्यावर चिडतो, आणि शेवटी त्याला त्याचीही कीव येते. घरात किंवा गल्लीत असा एखादा सुधाकर ज्या मुलाने पाहिला असेल, त्याला हे नाटक दुसऱ्या कोणापेक्षाही अधिक समजेल. त्याला लाज बाळगण्याचे कारण नाही, हेही कदाचित समजेल.

अर्थात कथेत रमताना माणसांचा तोलही जातो. ‘संत तुकाराम’ हा प्रभातचा चित्रपट १९३६ साली आला. त्यात तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीस यांच्याकडे लोक पुढे संत म्हणूनच भक्तीने पाहू लागले. याच्या नेमकी उलट गत निळू फुले यांची झाली. साखर कारखान्याच्या सत्तेची कहाणी सांगणाऱ्या आणि १९७५ च्या बर्लिन महोत्सवात दाखविल्या गेलेल्या ‘सामना’सारख्या चित्रपटांतून त्यांनी उन्मत्त पुढारी असे काही उभे केले, की खेड्यांतील आयाबाया त्यांच्या नावाने बोटे मोडीत. वास्तविक हा मनुष्य राष्ट्र सेवा दलात घडलेला, साधा आणि गरिबांचा कैवारी होता. लोकांच्या शिव्या म्हणजे आपल्या अभिनयाची पावती, असे नट मानतात खरे. पण पात्राचा राग माणसावर काढणे हा काही सहृदयपणा नव्हे. साहेबांच्या देशातही यापेक्षा निराळे घडले नाही. १८९३ साली कॉनन डॉईल यांनी आपला गुप्त पोलीस शेरलॉक होम्स याला स्वित्झर्लंडमधील एका धबधब्यात मारून टाकले, तेव्हा संतापलेल्या वाचकांची पत्रे आली. शेवटी १९०३ साली डॉईल यांना त्याला जिवंत करून परत आणावे लागले. प्रकाशकांनी देऊ केलेले भरघोस मानधनही त्याला कारण होते, ही गोष्ट निराळी.

या सर्वांहून गंभीर दोष अमेरिकेतील तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० सालच्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात दाखविला आहे. त्यांनी एका रशियन बाईचे उदाहरण दिले आहे. बाई नाटकगृहात बसून रंगभूमीवरील पात्रांसाठी अश्रू ढाळीत आहेत आणि बाहेर त्यांचा गाडीवान बर्फात, गाडीच्या बैठकीवर, गारठून मरत आहे. जेम्स यांचा उपाय अगदी साधा होता. नाटकाने किंवा संगीताने मन हेलावले, तर त्यानंतर एखादी तरी कृती करावी. मग ती घरातील म्हाताऱ्या माणसाशी दोन गोड शब्द बोलण्याइतकी किंवा गाडीत कोणाला बसायला जागा देण्याइतकी लहान का असेना.

गारठलेला गाडीवान शोधण्यासाठी रशियात जाण्याची गरज नाही. दसरा-दिवाळी झाली, की बीड जिल्ह्यातून, विशेषतः बालाघाटच्या डोंगराळ तालुक्यांतून, ऊसतोडणी करणाऱ्यांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडल्यावाचून सुटका नसते. नवराबायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणतात. माणसांचे नाव हत्याराला नव्हे, हत्याराचे नाव माणसांना! पहाटेच्या अंधारात आई फडात जाते, कडाक्याच्या थंडीत मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते. पाचट आणि ताडपत्रीच्या कोपीत धाकटे भावंड सांभाळीत कोणी एक मूल बसलेले असते. गावी शाळेत त्याची जागा रिकामी असते. काही मुलांना आजी-आजोबांजवळ ठेवले जाते, काहींची सोय हंगामी वसतिगृहात होते. सर्वांची होत नाही.

त्या वेळी वर्गात कदाचित श्यामच्या आईचाच धडा चालू असतो आणि बाके शांत झालेली असतात. ज्या मुलाचे डोळे तो धडा ऐकताना ओलावतात, त्याला रिकाम्या जागेवरच्या सोबत्याची आईही दिसू लागली, तर ती धड्याचीच करामत म्हणावी लागेल. तसे ते आपोआप दिसतेच असे नाही. पुस्तकातील आई जवळची वाटते, कारण तिच्याविषयी कोणीतरी जीव ओतून लिहिले आहे. फडातील आईविषयी तेवढे लिहिणारे थोडे.

उन्हाळ्यात टोळ्या परततात. जूनमध्ये शाळा उघडली, की उन्हाने रापलेली चार-सहा तोंडे पुन्हा वर्गात दिसू लागतात. बुडालेल्या अभ्यासाचे ओझे त्यांच्यावर असते. कोणी आपली मागच्या वर्षीची वही पुढे करते, कोणी शेजारी बसून राहिलेला धडा वाचून दाखवते. वाचता वाचता वाचणाराच मध्ये थांबून विचारतो, “कोपीत रात्री दिवा असतो का रे?” मग धडा बाजूला राहतो आणि निराळीच गोष्ट सुरू होते.