मुंबई–दुबई : स्वस्त तिकीट कुणाला मिळतं?

मुंबई ते दुबई अंतर साधारण 1,900 किलोमीटर, प्रवास तीन तासांचा. त्याच विमानातल्या, त्याच रांगेतल्या दोघांनी मात्र तिकिटाला दुप्पट-तिप्पट फरकाने पैसे मोजलेले असतात.

'तिकीट आधी काढा', असं सगळेच सांगतात. सल्ला खोटा नाही. विमानातल्या जागा वेगवेगळ्या दरांच्या गटांत विभागलेल्या असतात. स्वस्त गट आधी संपतो. मंगळवार-बुधवार बहुधा परवडतो. देरा भागात राहणाऱ्याने शारजाचं तिकीटही पाहावं. सामानाचे पैसे धरूनच तुलना करावी, नाहीतर स्वस्त तिकीट विमानतळावर महाग पडतं. (मोबाईलमधला सर्च पुसला की दर उतरतो, यावर मात्र माझा विश्वास नाही.)

पण हा सल्ला ज्याची रजा त्याच्या हातात आहे, त्याच्यासाठी. म्हसळा, श्रीवर्धन, खेड, दापोलीकडचा माणूस तिथे ड्रायव्हर, फोरमन किंवा सेल्समन असतो. रजा मालक देणार, तीही कधी कधी आठ दिवस आधी. ईदला सगळ्यांनाच गावी यायचं असतं. आणि घरी मयत झाली तर? आपल्यात दफनाला उशीर करत नाहीत. बापाला माती द्यायची तर त्याच रात्रीचं विमान गाठावं लागतं आणि तेव्हा उरलेली असते ती सर्वांत महाग जागा.

'हा मागणी-पुरवठ्याचा नियम आहे', असं कुणी म्हणेल. पण पुरवठा मोकळा कुठे आहे? भारत आणि दुबई यांच्यातल्या करारानुसार प्रत्येक बाजूच्या कंपन्यांना आठवड्याला 65 हजारांच्या आसपास जागा मिळतात. ही मर्यादा 2014 ची. मधल्या काळात 2019 मध्ये जेट एअरवेज बंद पडली, 2023 मध्ये गो फर्स्ट. दुबईने 2022 मध्ये आणखी 50 हजार जागा मागितल्या. दिल्लीचं म्हणणं असं, की जागा वाढवल्या तर युरोप-अमेरिकेचे प्रवासीही दुबईमार्गे जातील आणि आपल्या कंपन्यांचं नुकसान होईल. मुद्दा अगदीच चुकीचा नाही. पण लंडनच्या प्रवाशासाठी चाललेल्या या भांडणाची किंमत देरातल्या मजुराने का द्यावी? जागा वाढवताना त्या फक्त भारत-दुबई प्रवाशांसाठी राखायचा मार्ग काढता येईल का, एवढी चर्चा तरी व्हावी. नवी मुंबईला विमानतळ झाला, पण करारातल्या जागा तेवढ्याच राहिल्या तर दुबईच्या प्रवाशाला त्याचा कितीसा उपयोग?

केरळचे खासदार आखाती विमानभाड्यावर संसदेत वर्षानुवर्षं बोलत आलेत. आपल्या कोकणातून तेवढा आवाज उठत नाही. आखातातल्या पैशावर इथे घरं उभी राहिली, शाळा आणि मशिदी बांधल्या गेल्या. वर्गणी मागायला पुढारीही दुबईला जाऊन येतात. निदान मयतीच्या दाखल्यावर ठरलेल्या दराने द्यायच्या चार जागा प्रत्येक विमानात राखून ठेवा, एवढी मागणी तरी त्यांनी लेखी करावी.