गिधाडं संपली, आता ढोर कोण ओढणार?

गिधाड ही मराठीत शिवी आहे. सावकार गिधाड, ठेकेदार गिधाड, पुढारी गिधाड. मयताच्या इस्टेटीवर तुटून पडणारे भाऊबंद तेही गिधाडंच. १९७० साली तेंडुलकरांचं 'गिधाडे' रंगमंचावर आलं, पांढरपेशा प्रेक्षकाला आपल्याच माजघरातली हाव दिसली आणि तो हबकला. पण त्या हावेला नाव द्यायला पाखरूच सापडलं. अरे, गिधाडानं तुमचं काय घोडं मारलं? ते जित्याच्या वाटेला सहसा जात नाही. गावाची सड उचलतं, रोगराई पोटात घालतं आणि उडून जातं. घाण करणारा सोवळा आणि घाण काढणारा ओवळा, हा हिशेब आपल्या चांगला ओळखीचा आहे. आपल्या बापजाद्यांच्या पाठीवर तो हजारो वर्षं लिहिलेला होता.

म्हणून गिधाडावर लिहितोय. काही दोस्त नाक मुरडतील. म्हणतील, वस्त्या जळतायत, पोरं बेकार हिंडतायत, आणि हा पाखरांचं काय घेऊन बसला? जैवविविधता म्हणजे गळ्यात दुर्बीण अडकवून रविवारी रानात जाणाऱ्यांचं खूळ. खूळ त्यांचं असेल, दोस्तहो. मढी आपली आहेत.

आधी नीट बघा की गिधाड करतं काय. ढोर मेलं, गावाबाहेर माळावर टाकलं. घटकाभरात आभाळात घिरट्या सुरू. राजगिधाडाची चोच दणकट, ते कातडं आणि चिवट शिरा फाडतं. पांढऱ्या पाठीची आणि लांब चोचीची गिधाडं उघडी मान थेट पोटात घालून आतलं मऊ मांस काढतात. मानेवर पिसं नाहीत म्हणून आपण त्याला कुरूप म्हणतो, पण पिसं असती तर रक्तात लडबडून कुजली असती. उरलेलं इकडचं तिकडचं पांढरं गिधाड टिपतं. मोठा थवा असला तर तासाभरात गाईचा सांगाडा उरतो. आणि त्यांच्या पोटातलं आम्ल इतकं जहाल की सडक्या मांसातले बहुतेक रोगजंतू तिथंच खलास. कुत्रं तेच मांस खातं, उंदीरही खातो. पण ते अर्धं खातात, अर्धं सडू देतात, आणि रोग अंगावर घेऊन वस्तीत येतात. एकाचं काम दुसऱ्याला येत नाही. जैवविविधता म्हणतात ती ही. ती शोभेची नाही. एक खिळा निखळला की तिरडी कुणाची तरी बांधावी लागते.

तो खिळा निखळला. १९९० नंतर डायक्लोफेनॅक नावाचं वेदनाशामक स्वस्त झालं. माणसाच्या गुडघेदुखीवरचं औषध, ते ढोरांना टोचायला लागले. बैल लंगडला, टोच. गाय उठत नाही, टोच. ढोर मेलं की औषध मांसात तसंच. ते मांस गिधाडानं खाल्लं की त्याचं मूत्रपिंड बंद पडतं, आतल्या अवयवांवर चुन्यासारखा पांढरा थर बसतो, आणि थोड्याच दिवसांत ते मान टाकून फांदीवरनं खाली पडतं. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात विभू प्रकाश ह्यांना गिधाडं कमी झालेली दिसली. कारण सापडलं पाकिस्तानात, आणि २००४ साली ते छापून आलं. तोवर खेळ आटोपला होता. शंभर मढ्यांत एखादंसुद्धा विषारी नसलं, दोनशेत एक असलं, तरी ही जात संपायला पुरे. कारण शेकडो गिधाडं एका मढ्यावर बसतात. आणि मादी वर्षाला अंडं घालते एक. पिलू वयात यायला पाचेक वर्षं. १९९२ ते २००७ ह्या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत हजारी एखादं उरलं. लांब चोचीची शंभरात तीन-चार. कोट्यवधी पाखरं गेली. कुणी गोळी घातली नाही, जाळं लावलं नाही.

आता मढी कोण खाणार? २०१९ च्या पशुगणनेत देशात गाई-बैल १९ कोटींवर, म्हशी जवळजवळ ११ कोटी. त्या मरणारच. कुत्री वाढली. २००८ साली अभ्यासकांनी हिशेब मांडला की गिधाडं गेल्यामुळं देशात किमान ५५ लाख कुत्री जास्तीची झाली, आणि १९९२ ते २००६ मध्ये रेबीजनं सुमारे ४८ हजार माणसं जास्तीची मेली. २०२४ साली एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी आणखी पुढचं काढलं. जिथं आधी गिधाडं होती ते जिल्हे आणि जिथं नव्हती ते जिल्हे त्यांनी शेजारी ठेवून तपासले. २००० ते २००५ ह्या काळात गिधाडं गेल्यापायी पाच लाखांच्या आसपास माणसं जास्तीची मेली, असा त्यांचा अंदाज. कुत्रं, नासकं पाणी, सडकं मढं. एका पाखराच्या नसण्यानं पाच लाख.

ती पाच लाख कोण, हे सांगायला मला इंग्रजी पुस्तक लागत नाही. गाव मढं कुठं टाकतं? पाटलाच्या वाड्यापुढं टाकतं काय? गावकुसाबाहेरच्या माळावर टाकतं, आणि गावकुसाबाहेर कोण राहतं? उघड्यावर कोण निजतं? कुत्रं चावल्यावर पाच वेळा लसीला जायचं तर पाच दिवसांची रोजी कुणाची बुडते? आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्यावर 'लस संपलीय, जिल्ह्याला जा' हे कुणाला ऐकावं लागतं? पाखरू आधी की माणूस आधी, असं विचारणाऱ्या दोस्तांनी ह्याचं उत्तर द्यावं. इथं पाखरू आणि माणूस एकाच तिरडीवर आहेत.

पण मला खरा राग आहे तो ह्या हिशेबातल्या एका रिकाम्या जागेचा. अर्थशास्त्रज्ञांनी गिधाडाच्या सेवेची किंमत डॉलरात काढली. गिधाड नसल्याचं नुकसान वर्षाला ६९ अब्ज डॉलर. चांगलं केलं. आता महाराच्या खांद्याची किंमत काढा. कारण ह्या देशात मढ्याचं काम दोघं करत होते. एक आभाळातनं यायचा, दुसऱ्याला येसकराच्या पाळीनं बोलावणं यायचं. "ए, गाय पडलीय, वढून ने." नाही म्हणायची सोय नव्हती. हाडकी-हाडोळ्याचा तुकडा आणि पडीचं मांस, ह्याच्या बदल्यात पिढ्यान्पिढ्या वेठ. मांसाच्या चान्या वाळत घालायच्या आणि पावसाळ्यात त्यावर जगायचं. त्याच मढ्यावर एका बाजूला आमची माणसं सुरी घेऊन आणि दुसऱ्या बाजूला गिधाडं. गाव लांबनं दोघांनाही बघायचं आणि दोघांवरही थुंकायचं.

१९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेनं हे नातं तोडलं. मेलेलं ढोर ओढू नका, पडीचं मांस खाऊ नका. आणि त्याच परिषदेनं स्पृश्यांना सांगितलं की आपली मेलेली जनावरं आपण पुरा. पहिला भाग आपण पाळला, मार खाऊन पाळला, बहिष्कार सोसून पाळला. दुसरा भाग गावानं आजतागायत ऐकलेला नाही. उलट काय झालं? १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनीच सांगितलं, की 'केसरी'त कुणीतरी मेलेल्या ढोरांचा जमाखर्च मांडला होता. कातडं, शिंगं, खुरं, हाडं मिळून वर्षाला एवढे एवढे रुपये, आणि ते काम सोडून महार तोट्यात गेले म्हणे! बाबासाहेबांनी त्याला रोकडा जवाब दिला. एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या, वर पाचशे रुपये मी देतो. गाय तुमची माता ना? मग मातेला खांदा तुम्हीच द्या. त्या पाचशे रुपयांवर अजून कुणी दावा सांगितलेला नाही.

आता दुसरी मंडळी येतात. ही शिकलेली, सभ्य. ती म्हणतात, पूर्वीचा गावगाडा निसर्गाशी एकरूप होता हो, प्रत्येकाचं काम ठरलेलं, कशाचा नाश नव्हता. १९८३ साली माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा ह्यांनी जातिव्यवस्थेकडं परिसरशास्त्राच्या नजरेनं बघणारा निबंध लिहिला. जातीजातींनी निसर्गातली साधनं वाटून घेतली, त्यानं स्पर्धा टळली, साधनं जपून वापरली गेली, असा सूर. फासेपारधी फास लावून हरणं-पाखरं धरणार, नंदीवाले कुत्री घेऊन डुक्कर-साळींदराच्या मागं जाणार, वैदू मुंगूस-खारीवर भागवणार. निरीक्षण खरं आहे. गाडगीळांचं पुढचं कामही मोठं. पश्चिम घाटाच्या २०११ च्या अहवालात त्यांनी ग्रामसभेच्या हातात निर्णय द्या म्हटलं आणि खाणवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. हे कबूल. पण ह्या सिद्धांताला जय भीम घालता येत नाही.

का? तर राजगिधाड आणि पांढरं गिधाड ह्या दोन वेगळ्या जाती निसर्गानं केल्या. त्यांच्या चोची वेगळ्या, अंडी वेगळी, त्यांचा संकर होत नाही. पाटील आणि महार ही एकच जात. माणसाची. त्यांच्यात बेटीव्यवहार होऊ नये म्हणून निसर्गानं काही केलं नाही, म्हणून मनूला करावं लागलं. पांढऱ्या गिधाडाचं एखादं पोर उद्या मढ्यावर आलं नाही तर राजगिधाडं त्याचं घरटं जाळत नाहीत. त्याचं पाणी तोडत नाहीत. जिथं काम टिकवायला काठी लागते त्याला निसर्गाचा समतोल म्हणत नाहीत, त्याला वेठबिगारी म्हणतात. जात ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांची वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगितलंय. खुद्द परिसरशास्त्राच्या बाजूनंही बघा. विविधता म्हणजे वेगळेपण. वेगळेपणाची उतरंड लावली की ती विविधता राहत नाही, चातुर्वर्ण्य होतं.

आणि ही उतरंड जुनी झाली म्हणू नका. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये हरियाणात झज्जरजवळ दुलिना पोलीस चौकीपाशी पाच दलितांना जमावानं ठेचून मारलं. गाईचं कातडं काढण्यावरनं. ११ जुलै २०१६ ला गुजरातेत उना तालुक्यात मोटा समढियाळा गावच्या पोरांना उघडं करून, गाडीला बांधून झोडलं. तेही मेलेल्या गाईचं कातडं काढत होते. म्हणजे ओढलं नाही तरी मार, ओढलं तरी मार. तेव्हा सुरेंद्रनगरच्या दलितांनी मेलेली ढोरं गाड्यांत भरून थेट कलेक्टर कचेरीपुढं नेऊन टाकली. घ्या, सांभाळा! त्या वासानं साहेब लोकांना जेवढं परिसरशास्त्र शिकवलं तेवढं कुठल्याही परिसंवादानं शिकवलं नसेल. इकडं महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी. म्हातारं जनावर खाटकाकडं जाणार नाही, ते दावणीला किंवा रस्त्यावर मरणार. कायदा करणाऱ्यांनी ते ओढायला माणूस नेमला काय? त्यांनी धरून चाललंय की माणूस आहेच. गावकुसाबाहेर.

मग आपण काय म्हणायचं? गिधाडं मेली तर मरू देत? मुळीच नाही. गिधाड परत आलं पाहिजे. पण आपल्या खांद्यावरनं नाही. वनखातं आणि निसर्गप्रेमी ठिकठिकाणी 'गिधाडांचं उपाहारगृह' चालवतात. औषध नसलेलं मढं ठरलेल्या जागी टाकायचं, गिधाडांनी खायचं. कल्पना बरी आहे. आपल्या जिल्ह्यात असं काही असलं तर दुर्बीण न घेता जा आणि विचारा की मढं तिथवर आणतं कोण? त्याचं आडनाव काय? हातमोजे आहेत काय, पगारपत्रकावर नाव आहे काय, की जुन्याच वाड्यातल्या माणसाला 'तुमचं पिढीजात काम' म्हणून बोलावलंय? ज्याचं जनावर त्यानं ट्रॅक्टरला बांधून न्यावं. ते जमत नसेल तर ग्रामपंचायतीनं यंत्र घ्यावं आणि कुठल्याही जातीचा माणूस पूर्ण पगारावर नेमावा. गिधाडाला ओढणाऱ्याची जात कळत नाही.

औषधाचंही बघा. २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. पण माणसांसाठीची ३० मिलीची मोठी बाटली दुकानात तशीच. माणसाला ३० मिली टोचतात काय? ती ढोरांनाच जायची, हे पोराटोरांना कळत होतं. ती बाटली ३ मिलीवर आणायला २०१५ उजाडलं. किटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक हीसुद्धा गिधाडांना मारतात. त्यांच्यावर जनावरांपुरती बंदी २०२३ ला. मेलॉक्सिकॅम गिधाडाला चालतं हे २००६ पासून माहीत आहे. तालुक्याच्या औषध दुकानात जाऊन ढोरांसाठी काय विकतात ते बघायला आंदोलकाला पदवी लागत नाही.

आणि शेवटचं काम. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं गावोगाव जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही आली. २००४ च्या नियमांत लिहिलं होतं की समितीत एक तृतीयांश बाया आणि १८ टक्के अनुसूचित जाती-जमातीचे हवेत. २०२३ साली कायदा बदलला, रचना ठरवणं राज्याकडं गेलं. मग आपल्या गावच्या समितीत कोण आहे, आपल्यातलं कोण आहे, आणि नोंदवही कुणी भरली की तालुक्यावरच्या टेबलावर बसून शेजारच्या गावाची उतरवली, हे येत्या ग्रामसभेत उभं राहून विचारा. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना बरोबर न्या. कुठल्या झाडावर गिधाडं बसायची, किती बसायची, कुठल्या सालापासनं यायची बंद झाली, हे त्यांना पाठ आहे. कारण त्यांना त्याच माळावर जावं लागायचं. ते सगळं नोंदवायला लावा. आणि त्याच पानावर, त्याच शाईनं, हेही लिहायला लावा की ह्या माळावर ढोरं कोण ओढायचं, कुणाच्या हुकमानं, आणि बदल्यात काय मिळायचं.