ऊसतोड मजुरांचे आरोग्य व बागायतदारांचे कर्तव्य

दसरा आटोपतो न आटोपतो तोच बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातून व मराठवाड्याच्या इतर कोरडवाहू भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राची व कर्नाटकाची वाट धरतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ अशी त्यांची मोजणी होते. मुकादमाकडून उचल घेऊन ही माणसे पाच-सहा महिने आपल्या शिवारात कोप्या घालून राहतात. आपला ऊस वेळेवर तुटतो की नाही याची चौकशी आपण रोज करतो. तो तोडणारे हात कोणत्या अवस्थेत आहेत, याची चौकशी आपणांपैकी कितीजण करतात? यंदाच्या हंगामात मजुरांच्या तळावर धर्मादाय रोगप्रतिबंधक शिबिर भरवावे, अशी सूचना काही सभासदांनी मांडली आहे. तीस आमचा मनःपूर्वक पाठिंबा आहे. परंतु ते कसे भरवावे याविषयी चार शब्द स्पष्ट लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

शिबिरांची आपल्याकडे वाण नाही. मांडव घालतात, पाहुण्यांस हार घालतात, गोळ्यांच्या पुड्या वाटतात आणि सायंकाळी मांडव उतरला की सारे विसरले जाते. ज्या बाईचे रक्त कमी आढळले तिचे पुढे काय झाले, हे कोणासही सांगता येत नाही. असा समारंभ करावयाचा असेल तर तो न केलेला बरा.

या लोकांची खरी अडचण कोणती, ते प्रथम पाहिले पाहिजे. ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याचा बोभाटा २०१९ साली झाला व राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींवर ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. कित्येकींचे वय तिशीच्या आसपासचे, काहींचे त्याहूनही कमी. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, अशी तक्रार घेऊन बाई गेली की ‘पिशवी खराब झाली आहे, पुढे कर्करोग होईल’ असे भय घालावयाचे आणि उचलीच्याच पैशांतून शस्त्रक्रिया करावयाची, असे प्रकार घडल्याचे अनेक स्त्रियांनी सांगितले. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये म्हणून आपण होऊन तयार झालेल्याही काही होत्या. एका दिवसाच्या खाड्यापायी शरीराचा अवयव द्यावा लागावा, याहून अधिक लाजिरवाणी गोष्ट ती कोणती? आणि हा खाडा आपल्याच उसाच्या फडातला आहे, हे आपणांस विसरता येणार नाही.

वास्तविक पांढरे जाणे हे बहुधा साध्या संसर्गाचे लक्षण असते व योग्य औषधाने ते बरे होते. पहाटेच्या अंधारात फडात जावयाचे, दिवसभर डोक्यावर मोळ्या वाहावयाच्या, जवळ ना पुरेसे पाणी ना आडोसा. अशा स्थितीत संसर्ग होतो यात नवल नाही. शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले गेले तर भर तारुण्यात हाडे ठिसूळ होऊ लागतात, ही गोष्ट तर त्या बायकांस बहुधा कोणी सांगतच नाही.

आता कर्करोगाच्या भयाविषयी. त्यावरचा उपाय मराठवाड्याच्याच भूमीत सिद्ध झालेला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील खेड्यांत १९९९ पासून ३० ते ५९ वर्षे वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास करण्यात आला. त्याचे फलित २००९ साली प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असे त्यातून दिसून आले. रोगाची पूर्वावस्था वेळीच सापडली तर लहानशा उपचाराने काम भागते. धडधाकट पिशवी काढण्याचे काही कारण नसते. जी चाचणी त्यांच्याच भागातील खेड्यांत होऊ शकली ती आपल्या गावच्या शाळेच्या एका खोलीत होऊ नये, असे काही नाही.

तेव्हा शिबिराची आखणी पुढीलप्रमाणे असावी असे आम्हांस वाटते. शिबिराचा पहिला खर्च औषधांचा नव्हे, खाड्याचा धरावा. तपासणीस येणाऱ्या प्रत्येक कोयत्यास त्या दिवसाची मजुरी ज्यांच्या फडात तोड चालू आहे त्या बागायतदारांनी मिळून द्यावी, आणि उचलीत दंड पडणार नाही असे मुकादमाकडून आधी कबूल करून घ्यावे. एवढे केले नाही तर उत्तमांतला उत्तम डॉक्टर आणूनही तळावरून कोणी येणार नाही. कारखाना साफसफाईसाठी थांबतो तो दिवस साधल्यास खर्च आणखी कमी होईल.

तपासणी थोडीच पण नेमकी असावी. रक्तातील हिमोग्लोबीन, रक्तदाब, साखर, मुलांचे लसीकरण, दोन आठवड्यांहून अधिक खोकला असणाऱ्यांची थुंकी आणि तिशीपुढील स्त्रियांची गर्भाशयमुख तपासणी, इतके पुरे. राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांस रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत आढळले आहे. म्हणून लोहाच्या गोळ्या भरपूर ठेवाव्यात, व त्या चहाबरोबर घेऊ नयेत हे समजावून सांगावे. स्त्रियांस तपासण्यास स्त्री डॉक्टर वा शिकलेली परिचारिकाच असावी, व त्या खोलीत इतर कोणास प्रवेश नसावा. छायाचित्रे तर मुळीच काढू नयेत.

सर्वांत महत्त्वाचे ते तपासणीचे कार्ड. ही माणसे चैत्राच्या सुमारास आपल्या गावी परततील, तेव्हा काय आढळले, काय दिले, पुढे काय करावयाचे हे मराठीत लिहिलेले कार्ड प्रत्येकाच्या हाती असावे. त्याची एक प्रत येथील आरोग्य केंद्रात राहावी, आणि रुग्णाच्या संमतीने एक प्रत त्याच्या गावच्या आशाताईंकडे जावी. शस्त्रक्रिया सुचविली गेल्यास सरकारी रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञाचे दुसरे मत घ्यावे, हे त्या कार्डावर ठळक छापावे.

हे काम सरकारचे आहे, असे काही बंधू म्हणतील. सरकारचे आहेच, डॉक्टर, परिचारिका व लसी आरोग्य केंद्राकडूनच मागावयाच्या आहेत. परंतु तळ कोठे पडला आहे, टोळीत माणसे किती, तोड कोणत्या दिवशी बंद, हे सरकारपेक्षा आपणांस आधी ठाऊक असते. शिवाय एक गोष्ट सरकारच्या आदेशाची वाट न पाहता उद्याच करता येईल. आपल्या विहिरीवरचे स्वच्छ पाणी कोप्यांपर्यंत न्यावे, आणि चार बांबू व गोणपाट लावून बायकांस न्हाणीचा व शौचाचा आडोसा करून द्यावा. शिबिर वर्षातून एकदा होईल. हा आडोसा पाच महिने रोज रोग टाळील.

याला धर्मादाय म्हणावयाचे तर म्हणावे. आमच्या मते हे ऋण आहे. पाऊसपाण्याच्या कृपेने ज्यांच्या वाट्यास बागायत आली त्यांनी, ज्यांच्या वाट्यास ती आली नाही अशांच्या श्रमावर आपली साखर पिकवावी आणि त्यांच्या शरीराची झीज मात्र हिशेबात धरू नये, हे न्यायाचे नव्हे. सभेच्या येत्या बैठकीत हा विषय निघेल. सभासदांनी केवळ अनुमोदन देऊन न थांबता आपापल्या फडातील कोयत्यांची संख्या व एका खाड्याची रक्कम लिहून आणावी, एवढीच आमची विनंती आहे.