मालकाचा शब्द म्हणजे निकाल नव्हे

नोकरास काढतांना मालक जें कारण सांगतो, तें जणूं न्यायाधीशाच्या तोंडचा निकालच, अशी समजूत पुष्कळ सुशिक्षितांचीहि असते. ती आम्हांस मुळींच मान्य नाहीं. या समजुतीपायीं अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत कित्येकांचा हक्काचा बेकारी-भत्ता बुडतो.

हा विमा तेथें विस्कॉन्सिन संस्थानानें १९३२ सालीं प्रथम कायद्यांत आणला. १९३५ च्या सामाजिक सुरक्षिततेच्या कायद्यानें तो देशभर पसरला. अर्ज आला कीं सरकारी कचेरी मालकास विचारते, ‘यास कां काढलें?’ येथेंच खरी गोम आहे. ज्याच्या नोकरांस भत्ता अधिक द्यावा लागतो, त्या मालकावरील कराचा दर पुढें सामान्यतः चढतो. म्हणजे ज्यास साक्षीला बोलवावयाचें, त्याचीच थैली खटल्यांत गुंतलेली! अशा साक्षीदारानें ‘गैरवर्तन’ हा शब्द सढळ हातानें वापरला तर त्यांत नवल तें काय?

कोणी म्हणतील, मालक उगीच कशाला माणूस काढील? नसेल काढीत, पण प्रश्न तो नव्हेच. काढण्यास कारण असणें निराळें, आणि तें भत्ता बुडविण्याइतकें असणें निराळें. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयानें १९४१ सालीं एका टॅक्सी-कंपनीच्या खटल्यांत हा भेद स्पष्ट केला. मालकाच्या हिताची जाणूनबुजून केलेली पायमल्ली, अथवा तितकाच दोषास्पद असा घोर वा वारंवारचा निष्काळजीपणा, हें गैरवर्तन. काम नीट न साधणें, सहज घडलेली चूक, शुद्ध बुद्धीनें घेतलेला पण फसलेला निर्णय, हें गैरवर्तन नव्हे. ही व्याख्या पुढें अनेक संस्थानांनीं उचलली. तें सिद्ध करण्याचा भारहि बहुधा मालकावरच असतो.

तरीहि नकाराचें पत्र वाचून माणसें मुकाट्यानें घरीं बसतात. इकडे घरभाडें थकतें, आणि अपिलाची मोजक्या दिवसांची मुदत निघून जाते. वास्तविक सुनावणी पुष्कळदां टेलिफोनवरच होते, वकीलहि लागतोच असें नाहीं. मालकाच्या वतीनें बोलणारा कैकदां कचेरींतला कारकून. प्रसंग घडला तेव्हां तो तेथें हजरहि नसतो. उलट अर्जदार शपथेवर स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेलें सांगतो. पूर्वीं लेखी ताकीद मिळाली होती काय, तोच नियम इतरांस लावला होता काय, एवढें नेमकें विचारलें तरी कित्येक ‘कारणें’ डळमळूं लागतात.

आणि एकदां भत्ता मंजूर झाल्यावर मालकानें केवळ अपील केलें म्हणून तो अडवून ठेवतां येत नाहीं, असें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें कॅलिफोर्नियाच्या एका खटल्यांत १९७१ सालींच ठरविलें आहे.