समतेचा सोहळा आणि समतेचा हक्क

वाचकहो, अलीकडे तालुक्याच्या गावांतून समतेचे कार्यक्रम मोठ्या उत्साहाने साजरे होऊ लागले आहेत. २६ जूनला राजर्षी शाहू महाराजांच्या जयंतीनिमित्त सामाजिक न्याय दिन होतो. २६ नोव्हेंबरला संविधानाच्या उद्देशिकेचे सामुदायिक वाचन होते. एप्रिलमध्ये महात्मा फुले व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंत्या एकत्र साजऱ्या होतात, सर्वधर्मीय सभा भरतात, सहभोजनाच्या पंक्ती उठतात आणि नगराध्यक्षांपासून व्यापारी मंडळाच्या चिटणिसांपर्यंत सर्वजण बंधुभावावर भाषणे करतात. हे सर्व पाहून आपल्यातील काही जण भारावून जातात, तर काही जण हे निव्वळ ढोंग आहे असे म्हणून पाठ फिरवितात. या दोन्ही वृत्ती मला मान्य नाहीत. वकिलाने कोणतेही विधान ऐकले की तो पुरावा मागतो. समतेच्या सोहळ्यालाही आपण तोच प्रश्न विचारला पाहिजे. मांडव उतरल्यानंतर, दुसऱ्या दिवशी सकाळी, त्या गावात काय शिल्लक राहिले?

लहान गावाची गोष्ट वेगळी

मोठ्या शहरात माणूस गर्दीत हरवू शकतो. शेजारच्या खोलीत कोण राहतो, याची चौकशी तेथे होतच नाही असे नाही. परंतु निदान रस्त्यावर व आगगाडीत त्याला कोणी जात विचारीत नाही. लहान गावात विचारण्याची गरजच नसते. आडनावावरून, आळीवरून, बापाच्या धंद्यावरून जात आधीच ठाऊक असते. किराणा दुकानातील उधारी, मंगल कार्यालयाची तारीख, घर भाड्याने मिळणे, शेतावरची मजुरी, इतकेच नव्हे तर स्मशानातील जागा, हे सर्व थोड्याशा माणसांच्या हाती असते. म्हणूनच लहान गावातील बहिष्कार शहरातील बहिष्कारापेक्षा शतपटीने जाचक ठरतो. आणि म्हणूनच अशा गावात वरच्या मानलेल्या जातीतील एखादा गृहस्थ उघडपणे आपल्या बाजूने उभा राहिला, तर त्याचे मोलही तितकेच मोठे असते. समतेच्या कार्यक्रमांची थट्टा करू नये असे मी म्हणतो ते याच कारणाने. परंतु त्यांची किंमत ठरविण्याचे माप आपल्या हाती असले पाहिजे आणि ते माप आपल्याला महाडने दिले आहे.

महाडचा धडा

महाड हे त्या काळी एक लहानसे गाव होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत असा तो ठराव होता. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. कागदावर पाहिले तर महाड हे त्या दिवसापासून समतेचे गाव झाले. प्रत्यक्षात मात्र तीन वर्षांत एकाही अस्पृश्याची ओंजळ त्या पाण्याला लागली नाही.

१९ व २० मार्च १९२७ रोजी परिषद भरली, तेव्हा तिच्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. ज्या गावाचे तळे कायद्याने खुले होते, त्या गावात ही स्थिती होती! अनंतराव चित्रे यांनी सूचना केली आणि २० मार्चला बाबासाहेबांच्या मागून हजारो माणसे तळ्यावर गेली व पाणी प्याली. त्यानंतर काय झाले ते वाचकांना ठाऊक आहे. वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य शिरणार अशी आवई उठविली गेली आणि मांडवात जेवावयास बसलेल्या माणसांवर हल्ला झाला. पुढे एकशेआठ घागरी पाणी उपसून, शेण, गोमूत्र, दूध व दही ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. डिसेंबरात सनातनी मंडळींनी दिवाणी दावा गुदरून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. तो दावा मुंबई उच्च न्यायालयात निकालात निघाला १७ मार्च १९३७ रोजी. वादींना आपली वहिवाट अनादिकालापासूनची असल्याचे शाबित करता आले नाही आणि बाबासाहेबांचा पक्ष विजयी झाला. एक ओंजळ पाण्याचा हक्क शाबित होण्यास दहा वर्षांना तीनच दिवस कमी लागले.

या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, ठराव जोवर वापरला जात नाही तोवर त्याला कोणी विरोध करीत नाही. १९२४ चा ठराव तीन वर्षे सुखाने नांदला. ज्या दिवशी पाणी प्यावयाचा प्रसंग आला, त्या दिवशी गावाचे खरे मन उघडे पडले. दुसरी गोष्ट अशी की, त्या गावातही साथ देणारे होते. सुरेंद्रनाथ टिपणीस यांनी आपले पद व प्रतिष्ठा पणाला लावली. गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी, जन्माने ब्राह्मण असून, २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडला. दुसऱ्या परिषदेला हिंदूंपैकी कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. या माणसांनी नुसती भाषणे केली नाहीत. ज्याच्याजवळ पद होते त्याने पद दिले, ज्याच्याजवळ जमीन होती त्याने जमीन दिली, आणि त्याबद्दलचा रोषही सोसला.

पंक्तीची किंमत

सहभोजनाचेही तसेच आहे. २९ मे १९१७ रोजी, तत्कालीन कोचीन संस्थानातील चेराई या गावी, सहोदरन अय्यप्पन या तरुणाने मिश्रभोजन घडविले. ते स्वतः एळवा जातीचे, म्हणजे वरिष्ठांच्या दृष्टीने अस्पृश्यच; परंतु त्यांनी आपल्याहून खालच्या मानलेल्या पुलया जातीतील मुलांबरोबर पंक्ती बसविली. त्यांच्याच जातभाईंनी त्यांना वाळीत टाकले आणि ‘पुलयन अय्यप्पन’ असे हिणविले. त्यांनी ते नाव भूषण म्हणून मिरविले. त्या पंक्तीला किंमत होती, कारण तिची किंमत यजमानाने मोजली होती. आज ज्या पंक्तीत वाढणाऱ्याचे काहीच जात नाही आणि ज्या पंक्तीची छायाचित्रे मात्र वृत्तपत्रांत झळकतात, तिला त्याच मापाने मोजले तर काय उरेल?

बाबासाहेबांनी १९३६ सालच्या ‘जातिनिर्मूलन’ या निबंधात सांगितलेच आहे की, एकत्र जेवल्याने जात मरत नाही. तिच्या मुळाशी असलेली धर्मग्रंथांवरची श्रद्धा हलविली पाहिजे. परंतु म्हणून त्यांनी सामाजिक सहवासाला तुच्छ लेखले असे कोणी समजू नये. नोव्हेंबर १९३२ मध्ये बोटीवरून अस्पृश्यतानिवारक संघाचे चिटणीस ठक्कर यांना त्यांनी जे पत्र लिहिले, ते प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे. त्यात त्यांनी कामाचा क्रम घालून दिला आहे. प्रथम नागरी हक्कांची मोहीम, म्हणजे विहीर, शाळा, चावडी, वाहने. त्यानंतर रोजगारातील संधीची समानता. आणि त्याबरोबर घराघरांतून प्रत्यक्ष सहवास. हक्कांच्या मोहिमेत संघर्ष उद्भवेल हेही त्यांनी लपवून ठेवले नाही. आजच्या सोहळ्यांत हा क्रम उलटा झाला आहे. सहवासाचा देखावा प्रथम येतो आणि हक्काचे नाव काढताच सभा आटोपते.

सत्कार आणि पगार

एक उदाहरण घ्या. समतेच्या कार्यक्रमात सफाई कामगारांना शाल व श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार करण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. सत्कारास आक्षेप नाही. परंतु त्याच व्यासपीठावर बसलेल्या अधिकाऱ्यांना विचारावयास हवे की, हे कामगार कायम आहेत की कंत्राटदाराचे? त्यांचा पगार वेळेवर होतो काय? त्यांना हातमोजे व गमबूट मिळतात काय? हाताने मैला उचलण्यास व संरक्षक साधनांवाचून गटारात माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटारात मृत्यू आल्यास १० लाख रुपये भरपाई द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरविले आणि २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. ज्याच्या प्राणाची ही किंमत न्यायालयाला ठरवावी लागते, त्याला वर्षातून एकदा शाल पांघरून कोणते ऋण फिटणार?

दुसरे उदाहरण वस्त्यांच्या नावांचे. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२० साली घेतला. निर्णय स्तुत्य आहे. नव्या नावाच्या फलकाचे अनावरण समारंभपूर्वक होते. परंतु वस्ती तेथेच, गावाच्या कडेला, राहते आणि तिची गटारेही उघडीच राहतात. नाव बदलले म्हणजे पत्ता बदलत नाही.

साक्षीदार कोठे आहे?

कायदा नाही म्हणून आपण अडून राहिलो आहोत असे नाही. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव व रस्ते यांच्या वापरात भेदभाव करण्यास मनाई केली. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ चा अस्पृश्यता अपराध कायदा १९७६ साली नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. अनुसूचित जातीच्या सूचीत बौद्धांचा समावेश १९९० साली झाल्याने त्याचे संरक्षण आपल्यालाही मिळते. २०१५ च्या सुधारणेने सामाजिक व आर्थिक बहिष्कार टाकणे, सामाईक पाणवठा वा स्मशान वापरू न देणे, वरात अडविणे हे स्पष्टपणे गुन्हे ठरले आणि पीडित व साक्षीदार यांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण त्यात घालण्यात आले.

मग खटले का कोसळतात? तपासातील हयगय हे एक कारण आहेच. परंतु लहान गावातील खटल्यात अनेकदा आणखी एक गोष्ट आढळते. घटना भर बाजारपेठेत घडलेली असते, ती शंभरांनी पाहिलेली असते, आणि न्यायालयात मात्र फिर्यादी व त्याचे नातलग यांच्यावाचून कोणी येत नाही. आरोपीचा वकील मग म्हणतो, सर्व साक्षीदार हितसंबंधी आहेत, एकही त्रयस्थ साक्षीदार नाही. जो त्रयस्थ असतो, त्याला त्याच गावात दुकान चालवावयाचे असते, मुलीचे लग्न करावयाचे असते. तो म्हणतो, मी त्या वेळी तेथे नव्हतो.

वाचकहो, समतेच्या सोहळ्याची खरी कसोटी येथे आहे. सहभोजनाला बसलेल्या शंभर माणसांतून एक माणूस जरी साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून ‘मी पाहिले’ एवढे दोन शब्द बोलला, तर ती पंक्ती सार्थकी लागली असे मी म्हणेन. बंधुभाव हा भाषणाचा विषय नसून साक्ष देण्याचा विषय आहे.

आपण काय करावे?

अशा कार्यक्रमाचे निमंत्रण आले तर आपण जावे, परंतु पाहुणे म्हणून जाऊ नये. नियोजनाच्या बैठकीत आपल्याला जागा हवी असे आधी सांगावे. स्वागतगीत व सतरंज्या यांपुरते आपल्या तरुणांना बोलाविले जात असेल, तर नम्रपणे नकार द्यावा. कार्यक्रमाच्या शेवटी गावाच्या हिशोबाचे वाचन व्हावे असा आग्रह धरावा. दुर्बल घटकांसाठी राखून ठेवलेल्या निधीपैकी किती खर्च झाला, कोणत्या वस्तीत नळ पोहोचला नाही, स्मशानभूमी सर्वांस खुली आहे काय, हे जाहीरपणे सांगितले जावे. सांगत नसतील तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आपल्या हाती आहे. दहा रुपयांच्या अर्जावर हा हिशोब मागता येतो. आणि प्रत्येक कार्यक्रमातून एक तरी अडलेले काम मार्गी लावण्याचा लेखी संकल्प घ्यावा व पुढील वर्षी त्याचा जाब विचारावा.

हेच माप आपल्यालाही लागू आहे, हे विसरता कामा नये. आपल्या विहारात जयंतीचा कार्यक्रम होतो, तेव्हा गावातील मातंग, चर्मकार, मेहतर, भटके व आदिवासी बांधवांना आपण आवर्जून बोलावतो काय? समितीच्या अध्यक्षस्थानी स्त्री असते, की ती केवळ स्वयंपाकघरात व वंदनेच्या रांगेत दिसते? पायऱ्या चढू न शकणाऱ्या अपंगाला विहारात कसे येता येईल, याचा विचार आपण केला आहे काय? अय्यप्पन यांनी समतेचा प्रारंभ वरच्यांकडे बोट दाखवून केला नाही. आपल्याहून खालच्या मानलेल्याला शेजारी बसवून केला. भगवान बुद्धांच्या संघात उपाली नाभिकाला शाक्य राजपुत्रांच्या आधी प्रव्रज्या मिळाली, ती राजपुत्रांचा अभिमान गळून पडावा म्हणूनच. ज्यांनी तो धम्म स्वीकारला, त्यांच्यावर ही जबाबदारी इतरांहून अधिक आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी बजावले होते की, राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत, आणि बंधुतेवाचून स्वातंत्र्य व समता टिकणार नाहीत. ती विसंगती दिल्लीत मिटावयाची नाही. ती मिटावयाची आहे तालुक्याच्या गावातील नळावर, मंगल कार्यालयात, स्मशानात आणि साक्षीच्या पिंजऱ्यात. सोहळे होऊ द्या; परंतु पुढच्या वेळी व्यासपीठावर समतेची शपथ घेतली जाईल, तेव्हा ती घेणाऱ्यांची नावे नीट टिपून ठेवा. साक्षीची गरज पडेल त्या दिवशी पहिले बोलावणे त्यांनाच गेले पाहिजे.