चढावरची सोबत

सपाट रस्त्यावर अखेरच्या दोनशे मीटरांत वाऱ्यासारखा सुटणारा सायकलपटू डोंगराच्या पायथ्याशी आला, की त्याचे भरदार शरीरच त्याला जड होते. १९०३ पासून चालत आलेल्या ‘टूर द फ्रान्स’ या शर्यतीत अशा वेगवान स्पर्धकांना आल्प्स आणि पिरेनीज हे पर्वतही ओलांडावे लागतात. तेथे जिंकण्याची आशा त्यांना नसते. पण विजेत्यानंतर ठरावीक वेळेत पोहोचले नाही, तर दुसऱ्या दिवशी शर्यतीत स्थान राहत नाही.

मग ते काय करतात? मागे पडलेले एकत्र येतात. या घोळक्याला इटालियन भाषेत ‘ग्रुपेत्तो’ म्हणतात. चढावर ते हलक्या अंगाच्या स्पर्धकांचा पाठलाग करीत नाहीत. सर्वांना झेपेल अशी एकसारखी गती धरतात. खाणेपिणे चुकवीत नाहीत. उतारावर आणि दरीतल्या सपाटीवर आळीपाळीने वारा अंगावर घेत गमावलेली मिनिटे भरून काढतात. किती वेळ हाती उरला, याचा हिशेब अनुभवी मंडळी ठेवतात.

२०२४ मध्ये ३९ वर्षांच्या मार्क कॅव्हेंडिशची पहिल्याच दिवशी कसोटी लागली. फ्लॉरेन्सहून रिमिनीकडे जाताना कडक उन्हात, चढावर त्याला उलट्या झाल्या. संघातले सहकारी आपली गती सोडून त्याच्याबरोबर मागे राहिले. विजेत्यानंतर सुमारे ३९ मिनिटांनी, पण मुदतीच्या आत, तो पोहोचला. चारच दिवसांनी, ३ जुलैला, त्याने या शर्यतीतला आपला ३५वा टप्पा जिंकला आणि एडी मर्क्स यांचा ३४ टप्प्यांचा विक्रम मागे टाकला.

आपल्यापैकी अनेकांसाठी जिना हाच आता घाट आहे. तरुणांच्या गतीने तो चढू नये. पण दमतो म्हणून कायमचे बसूनही राहू नये, कारण न वापरलेले बळ ओसरत जाते. बोलता येईल इतक्याच गतीने चढावे, कठडा धरावा, मधल्या पायरीशी थांबावे, पाणी विसरू नये. मात्र छातीत दुखले, भोवळ आली, किंवा नेहमीच्या चढावर अचानक अधिक धाप लागली, तर तेथेच थांबून विनाविलंब वैद्यकीय मदत घ्यावी. येथे नेट धरून पुढे जाण्यात शहाणपण नाही.

आणि शुश्रूषा करणाऱ्यांनो, चार पायऱ्या पुढे जाऊन ‘लवकर या’ म्हणू नका. कॅव्हेंडिशच्या सहकाऱ्यांनी त्याला ओढले नाही. ते त्याच्या गतीने चालले. तुम्हीही दमता, तेव्हा तेही आळीपाळीनेच करा. घरातल्या एकानेच रोज वारा अंगावर घ्यावा, असा नियम कोठेच नाही.