मेरिटच्या नावाखालची सूट
आरक्षणविरोधकांनी ज्या 'मेरिट'चा दंडुका आपल्यावर कायम उगारला, त्याच शब्दाला अमेरिकेतली छोटी लिबरल आर्ट्‌स कॉलेजे निवडताना आपली मुले भुलतात. तिथली मेरिट शिष्यवृत्ती म्हणजे बहुतेकदा फीमधली सूट! वर्षाच्या 80 हजार डॉलर खर्चातले 25 हजार सुटले, तरी उरलेले 55 हजार कोणाचा बाप भरणार? ॲमहर्स्ट, विल्यम्स ही कॉलेजे मेरिटवर छदामही देत नाहीत. घरची ऐपत पाहून पूर्ण गरज भागवतात. प्रवेश महाकठीण, हे खरे. पण ॲमहर्स्टमध्ये परदेशी विद्यार्थ्याची गरिबी त्याच्या आड येत नाही. आपल्या राज्य सरकारची राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीलाच मिळते, बारावीनंतर नाही. म्हणून आम्ही वस्तीतल्या मुलांना आधी उत्पन्नाचा दाखला काढायला लावतो, कॉलेजांची यादी नंतर.